‘अवकाशातील पक्षी’ आणि जकातीचा खटला

एखादी वस्तू कलाकृती केव्हा ठरते आणि ती घडवणाऱ्याला कलावंत का म्हणावे, हा वाद सहसा समीक्षकांच्या लेखणीत किंवा चर्चासत्रांत रंगतो. न्यायाधीशांनी तो सोडवावा, असा प्रसंग विरळाच. अमेरिकेत १९२७-२८ साली तसा प्रसंग आला, आणि निमित्त होते आयात जकातीचे.

कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी हा मूळचा रुमानियाचा. खेड्यात वाढलेला, लाकूडकामात हात बसलेला हा तरुण बुखारेस्टच्या कलाशाळेत शिकून पॅरिसला पोहोचला. रोदँसारख्या दिग्गजाच्या कार्यशाळेत काही काळ काम करून त्याने स्वतंत्र वाट धरली. पक्षी हा त्याचा आयुष्यभराचा विषय. मात्र त्याला चोच-पंखांपेक्षा उड्डाणात रस होता. त्यामुळे शिल्पागणिक तपशील गळत गेले आणि अखेरीस उरला तो वर झेपावणारा, आरशासारखा चकाकणारा एक निमुळता, उभा आकार. ‘अवकाशातील पक्षी’ या नावाने ही शिल्पे ओळखली जातात.

त्यांपैकी एक ब्राँझचे शिल्प छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांनी विकत घेतले होते. ऑक्टोबर १९२६ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रदर्शनासाठी ब्रांकुशीची इतर शिल्पे आणि हा पक्षी घेऊन मार्सेल द्युशाँ जहाजातून उतरले. १९१७ साली मुतारीचे भांडे ‘कारंजे’ म्हणून प्रदर्शनासाठी पाठवणारे ते हेच द्युशाँ! १९२२ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे शिल्पांना जकात माफ होती. पण अधिकाऱ्यांना त्या धातूच्या दांड्यात शिल्प दिसेना. स्वयंपाकघरातील भांडी व इस्पितळातील साहित्य या सदरात नोंद करून हमीपत्रावर माल सोडण्यात आला, असे सांगितले जाते. पुढे धातूची उत्पादित वस्तू म्हणून ४० टक्के जकात आकारली गेली. ६०० डॉलरच्या किमतीवर ही रक्कम सुमारे २४० डॉलर होते. रक्कम मोठी नव्हती. पण ती मुकाट्याने भरली असती, तर नव्या धाटणीच्या प्रत्येक शिल्पाला अमेरिकेच्या बंदरावर कारखान्यातील मालाचीच वागणूक मिळाली असती.

अधिकाऱ्यांची बाजू कायद्याने अगदीच लंगडी नव्हती, हे इथे नमूद करायला हवे. १९१६ मधील एका निकालात शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंची, प्रामुख्याने मानवी देहाची, प्रतिकृती असा अर्थ लावण्यात आला होता. त्या मोजपट्टीने ब्रांकुशीचा पक्षी नापासच होता.

ऑक्टोबर १९२७ मध्ये साक्षी सुरू झाल्या. न्यायाधीश वेट आणि यंग यांच्यासमोर स्टायकन उभे राहिले. याला तुम्ही काय म्हणता, असे विचारताच त्यांनी शिल्पकार म्हणतो तेच, म्हणजे पक्षी, असे उत्तर दिले. जंगलात हा दिसला असता तर गोळी झाडली असती काय, या प्रश्नाला त्यांनी नकार दिला. शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी तर प्राचीन इजिप्तमधील दगडी ससाणाच न्यायालयात सादर केला. त्यालाही पिसे कोरलेली नव्हती. पण तो ससाणा नव्हे, असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

खरी कसोटी लागली ती कारागीर आणि कलावंत यांतील भेद सांगताना. कुशल यंत्रकारागिराने धातूचा दांडा असाच घासूनपुसून चकचकीत केला, तर तीही कलाकृती होईल काय, असा सरकारपक्षाचा रोख होता. एपस्टाइन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कारागीर त्याला झिलई देऊ शकेल, पण मुळात हा आकार त्याला सुचणार नाही. आणि सुचलाच, तर त्या क्षणी तो केवळ कारागीर राहणार नाही. खुद्द ब्रांकुशीने पॅरिसमध्ये नोंदवलेल्या जबानीत कल्पना आपली असल्याचे तर सांगितलेच. शिवाय ओतकाम झाल्यावर कानशीने आणि बारीक पॉलिशने शेवटचा हात आपणच फिरवल्याचेही आवर्जून सांगितले. कल्पना आणि हात, दोन्ही त्याला महत्त्वाचे वाटत होते. सरकारतर्फे रॉबर्ट एटकिन व थॉमस जोन्स या शिल्पकारांनी मात्र हे शिल्पच नव्हे, अशी साक्ष दिली.

निकाल २६ नोव्हेंबर १९२८ रोजी लागला आणि तो ब्रांकुशीच्या बाजूने होता. अमूर्त कल्पना मांडू पाहणारा नवा कलासंप्रदाय उदयाला आला आहे. तो आपल्याला रुचो न रुचो, त्याचे अस्तित्व विचारात घ्यावे लागेल, असे न्यायालयाने मान्य केले. वस्तू पक्ष्यासारखी दिसत नसली तरी ती देखणी, प्रमाणबद्ध आणि निव्वळ शोभेची आहे. शिवाय व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे. म्हणून जकात माफ.

हा निकाल उदार खरा, पण त्यातल्या दोन अटी आजही टोचतात. वस्तू निरुपयोगी हवी आणि कर्ता व्यावसायिक हवा! या हिशेबाने डहाणू-तलासरीकडील वारली घरांत लग्नाचा चौक रेखाटणाऱ्या सवाशिणी कलावंत ठरणार नाहीत. त्यांचा चौक विधीच्या उपयोगाचा आणि त्यांचा व्यवसाय शेतीचा.

वादही मिटलेला नाही. युरोपीय आयोगाने २०१० मध्ये डॅन फ्लेविन यांची प्रकाशनलिकांची कलाकृती भिंतीवरील दिव्यांच्या वर्गात टाकली. ब्रिटनमधील न्यायाधिकरणाने २००८ मध्ये त्याच कलाकृतीला शिल्प मानले होते.

ब्रांकुशीच्या पक्ष्यांचा एक धागा मराठी राजघराण्याशी जुळतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्राँझचा एक आणि काळ्या व पांढऱ्या संगमरवराचे दोन, असे तीन पक्षी त्याच्याकडून घेतले. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर उभारण्याची योजना होती आणि त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला. मंदिर मात्र झाले नाही. संगमरवरी जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने खरेदी केली. ती कॅनबेरा येथे आहे. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.