प्रभाकर कंदील : कुळकथा

प्रभाकर कंदील हा सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या ओगलेवाडीत, ओगले ग्लास वर्क्स या कारखान्यात एकेकाळी तयार होणारा रॉकेलचा वादळी कंदील. तळाशी तेलाची टाकी, तिच्यावर बर्नर आणि वात, मधे फुगीर काच, दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या पोकळ नळ्या, डोक्यावर पत्र्याची टोपी आणि उचलायला तारेची कडी, असे त्याचे रूप. वीज येण्यापूर्वी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत त्याचे नाव सर्वतोमुखी होते. आता तो जुन्या बाजारात मिळतो. विसाव्या शतकाच्या मध्यातील घरगुती वस्तू जमवणारे त्याला किर्लोस्करवाडीच्या लोखंडी खुर्च्या आणि गोदरेजच्या पोलादी कपाटांच्या पंगतीला बसवतात.

रॉकेलच्या आधी घरात उजेड असे तो समई, पणती किंवा भिंतीतल्या कोनाड्यातल्या दिव्याचा. तेल करडईचे, करंजाचे, नाहीतर एरंडाचे. ही तेले दाट असल्यामुळे वातीतून सावकाश चढत आणि त्यांची ज्योत मंद राही. १८५० नंतर खनिज तेलापासून रॉकेल वेगळे काढण्याची रीत रूढ झाली आणि पातळ, वातीतून भरभर चढणारे इंधन हाती आले. मात्र त्याच्या ज्योतीला हवा नीट मिळाली नाही तर धूर आणि काजळी धरे, आणि उघड्या वाऱ्यात ती विझे. पत्र्याची साधी चिमणी घरोघरी वापरली गेली तरी हे दोन्ही दोष तिने कधीच झटकले नाहीत.

यावरचा तोडगा अमेरिकेत जॉन अर्विन याने काढला. त्याच्या पहिल्या रचनेत काचेतून वर गेलेल्या गरम वायूंचा काही भाग बाजूच्या नळ्यांतून पुन्हा ज्योतीकडे येई. वारा लागला तरी हा कंदील विझत नसे, पण परत येणाऱ्या वायूत प्राणवायू कमी असल्यामुळे उजेड पिवळसर आणि अंधुक पडे. १८७० नंतरच्या दशकात त्याने रचना सुधारली. आता नळ्यांची तोंडे टोपीखाली बाहेरच्या अंगाला ठेवली, म्हणजे ताजी थंड हवा नळ्यांतून खाली बर्नरपर्यंत जाई आणि जळलेले गरम वायू मधल्या वाटेने वर निसटत. वाऱ्याचा झोत आला की हवा आत घेणाऱ्या आणि वायू बाहेर सोडणाऱ्या या दोन्ही तोंडांवर दाब जवळपास सारखाच वाढतो, म्हणून ज्योत हलत नाही. वादळी कंदिलाचे सारे मर्म एवढ्यात आहे. न्यूयॉर्कच्या डिट्झ कंपनीने ही रचना जगभर नेली. जर्मनीत सॅक्सनीतल्या बायरफेल्ड गावी हर्मान नियर याने १९०२ मध्ये काढलेल्या कारखान्याचा फॉयरहांड कंदील तिच्याच वंशातला. हिंदुस्थानच्या बाजारात अमेरिकन, जर्मन आणि ऑस्ट्रियन माल एकमेकांशी स्पर्धा करत होता.

प्रभाकर कंदिलाच्या कुळकथेत पत्र्याआधी काच येते, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. कंदिलाची टाकी वीस-वीस वर्षे टिकते. फुटते ती काच. परदेशी कंदील एकदा घेतला की गिऱ्हाइकाला पुढे वर्षानुवर्षे परदेशी काचाच घ्याव्या लागत. बांगड्या, बाटल्या, दिव्यांच्या चिमण्या यांचेही तेच होते. स्वदेशीच्या चळवळीने काचेकडे लक्ष दिले त्यामागे भावनेइतकाच हा हिशेबही होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काचेचे तंत्र शिकवीत. माल विकणे हा या कारखान्याचा अर्धा उद्देश, उरलेला अर्धा कारागीर घडवण्याचा. तेथे तयार झालेली माणसे पुढे देशभरच्या काचभट्ट्यांवर पसरली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम येथून येणारी काच थांबली. जपानी मालाने पोकळी भरायला सुरुवात केली, तरी देशी कारखान्याला वाव मिळाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ आपला कारखाना काढला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्याला पाठिंबा होता. स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार असलेल्या या संस्थानिकाने सूर्यनमस्काराइतकाच आग्रह उद्योगाचा धरला. पुणे–मिरज मार्गावरचे कराड स्थानक मूळ गावापासून दूर, माळावर आहे. कारखान्याने जागा धरली ती याच स्थानकाजवळ. काचकारखान्याला वाळू, सोडा आणि कोळसा असा जड माल सतत लागतो आणि तयार माल नाजूक असतो. रस्त्याने बैलगाडीतून जितके कमी अंतर जावे लागेल तितके बरे. कारखान्याभोवती वस्ती वाढली आणि तिला ओगलेवाडी हे नाव पडले.

कंदील पुढे आला. काच साधल्यावर तिच्याभोवतीचा पत्रा आपणच का घडवू नये, असा हा प्रवास आहे. तांत्रिक बाजूचा भार प्रामुख्याने गुरुनाथ प्रभाकर ओगले यांनी उचलला. कंदिलाला दिलेले ‘प्रभाकर’ हे नाव ओगले बंधूंच्या वडिलांचे. ते सूर्याचेही नाव असल्यामुळे जाहिरातीला आयते उपयोगी पडले असणार.

कंदील करणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे. काचेसाठी वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण भट्टीत सुमारे चौदाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून वितळवतात. कारागीर पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला लगदा घेतो आणि साच्यात फुंकून त्याला आकार देतो. काचेची जाडी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ झाली की ज्योतीच्या उष्णतेने दोन्ही भाग कमी-अधिक प्रसरण पावतात आणि काच तडकते. तयार काच एकदम थंड होऊ दिली तर तिच्या अंगात ताण राहतो. मग पावसाचा एक थेंब तापल्या काचेवर पडला तरी पुरतो. म्हणून ती वेगळ्या भट्टीत हळूहळू निववावी लागते. कारखान्याची अब्रू या निववण्यावर अवलंबून असते आणि गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही.

पत्र्याचे काम निराळ्या शिस्तीचे. कल्हईचा पातळ पोलादी पत्रा साच्यांवर दाबून टाकी, टोपी आणि नळ्यांची अर्धुके काढायची. सांधे दुमडून किंवा डाख देऊन जोडायचे. टाकीचा सांधा केसभर सुटला तरी रॉकेल पाझरते आणि घरात वास सुटतो. बर्नरची फट वातीच्या जाडीशी जुळली पाहिजे, नाहीतर चावी फिरवूनही वात वर सरकत नाही. या सगळ्याच्या वर एक अट अशी की कोणतीही काच कोणत्याही कंदिलात बसली पाहिजे. आज घेतलेला कंदील आणि दहा वर्षांनी तालुक्याच्या बाजारात घेतलेली काच यांचे माप एकच हवे. गावातला टिनवाला कंदील हुबेहूब बनवू शकतो, पण हे माप पाळू शकत नाही. प्रभाकर कंदील ही कारखानदारीची वस्तू ठरते ती इथे. त्याचा घाट परक्यांकडून आलेला, हे मान्य करायलाच हवे. ओगलेवाडीचे कर्तृत्व नव्या आकारात नसून सुटे भाग कायम मिळत राहतील अशी व्यवस्था उभारण्यात आहे.

ओगलेवाडीच्याच पुणे–मिरज रेल्वेमार्गावर खाली, कुंडल रोड स्थानकापाशी, औंध संस्थानच्याच हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये आले होते. बेळगावच्या नगरपालिकेने त्यांच्या कारखान्याला जागा सोडायला लावल्यावर पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन आणि कर्ज दिले. लक्ष्मणराव मूळचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. नांगर, चरक, पंप यांबरोबर किर्लोस्करवाडीत लोखंडी फर्निचरही निघू लागले. जर्मनीत मार्सेल ब्रॉयरने पोलादी नळ्यांची पहिली खुर्ची १९२५-२६ मध्ये केली आणि तिला कलेच्या इतिहासात जागा मिळाली. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी खुर्चीला रचनाकाराचे नाव नाही. कारखान्याचे नाव हीच तिची सही. रूपाची जाण मात्र तिथे कमी नव्हती: लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे शिकलेले चित्रकार होते आणि १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या त्यांच्या मासिकाने कारखान्याच्या मालाला घराघरांत नेले.

त्या काळी वस्तूकडून काय अपेक्षा केली जाई, याचा उत्तम नमुना म्हणजे १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी जाहीर केलेले एक लाख रुपयांचे बक्षीस. चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, तो नीट निगा राखल्यास वीस वर्षे चालावा आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांचा चरखा बराच पुढे गेला, पण सगळ्या अटी पुऱ्या करू शकला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. आयुष्य आणि दुरुस्ती यांचा आकड्यांत विचार करणारी ही अटींची यादी आजच्या रचनाशाळेतही शोभेल.

कंदिलाची घरातली दिनचर्या ठरलेली असे. दिवेलागणीच्या आधी काच उतरवायची, राखेने किंवा कोरड्या फडक्याने काजळी पुसायची, वात सरळ कातरायची, टाकीत रॉकेल घालायचे. वात वाकडी कातरली तर ज्योतीला शिंग फुटते आणि काच एका बाजूने काळी होते. काच पुसण्याचे काम बहुधा मुलांकडे, कारण लहान हात आत जातो. फुटली की बोलणीही त्यांनाच. गोठा, मळा, पाण्याची पाळी, गुऱ्हाळ, बैलगाडीचा रात्रीचा प्रवास अशा बाहेरच्या कामांना हाच कंदील लागे. पेट्रोमॅक्स लग्नाकार्याला आणि तमाशाला, तर कंदील रोजचा, अशी वाटणी होती.

त्याची उतरती कळा विजेबरोबर सुरू झाली, पण एका रात्रीत नाही. कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वीज देऊ लागला. धरण सातारा जिल्ह्यात असले तरी तारा आधी मुंबईकडे गेल्या आणि आसपासच्या कित्येक वाड्यावस्त्यांवर पुढेही अनेक वर्षे कंदीलच लागत राहिला. वीज आल्यावरही भारनियमनाने त्याला माळ्यावर जाऊ दिले नाही. मग रेशनचे रॉकेल आटले, विजेरी आणि बॅटरीवरचे दिवे स्वस्त झाले. ओगलेवाडीचा कारखानाही बंद पडला. नाव स्थानकाभोवतीच्या वस्तीला राहिले.

खेड्यांत वीज पोहोचू लागली त्याच सुमारास भारतात औद्योगिक रचना हा शिक्षणाचा विषय बनत होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचे कौतुक केले आणि तो कोणा एकाने घडवला नसून पिढ्यांनी घडवला, असे मत मांडले. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था निघाली. जर्मनीत उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. लोटा या चर्चेत आला, कंदील फारसा आला नाही. तो पुरेसा प्राचीन नव्हता आणि पुरेसा आधुनिकही वाटत नव्हता. रचनाकाराचे नाव नसलेल्या अशा कारखानी वस्तूंकडे रचनाकारांचे आणि संग्राहकांचे लक्ष अलीकडे वळले आहे.

प्रभाकर कंदील पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि सातारा, वाई, कराड भागातल्या भंगारवाल्यांकडे सापडतो. वाईचे वाडे उतरवले जातात तेव्हा माळ्यावरून समया, पाट आणि पितळी डब्यांबरोबर कंदीलही खाली येतात. वाईत चित्रपटांचे चित्रण वरचेवर होत असल्याने जुन्या घरगुती वस्तूंना दुसरे गिऱ्हाईकही आहे. घेताना आधी पत्र्यावर उठवलेले नाव पाहावे, मग काच. मूळ काच टिकलेला कंदील दुर्मीळ, कारण बदलण्यासाठीच ती केलेली होती. दुसऱ्या कारखान्याची काच बसवलेली असेल तर तो दोष मानू नये, वापराची खूण मानावी. टाकीचा तळ बोटाने दाबून बघावा. रॉकेलखाली साचलेल्या पाण्याने पत्रा आतून गंजतो आणि वरचा रंग तो झाकून टाकतो. गावातल्या टिनवाल्याने दिलेला डाख ठेवावा. चकाकी आणण्यासाठी पत्रा घासू नये, कारण कल्हई निघाली की खालचे पोलाद पहिल्याच पावसाळ्यात तांबडे पडते. विजेचा दिवा बसवण्यासाठी टाकीला भोक पाडलेले कंदील शोभेच्या दुकानांत बरेच दिसतात. ते पुन्हा पेटवता येत नाहीत.