जुनी मर्सिडीज : दुरुस्त होते म्हणून टिकते

एका ग्रीक टॅक्सीचालकाने २००४ साली आपली ‘२४० डी’ मोटार मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या संग्रहालयाला भेट दिली. १९७६ सालच्या या मोटारीने तोवर सुमारे ४६ लाख किलोमीटर अंतर कापले होते. कंपनीने बदल्यात त्याला नवी मोटार दिली. हे अंतर अर्थातच एका इंजिनावर कापलेले नव्हते. इंजिन थकले की ते उतरवायचे, दुसरे चढवायचे आणि पुन्हा रस्त्यावर यायचे, हा त्या चालकाचा शिरस्ता होता. जुन्या जर्मन मोटारींवर जीव टाकणाऱ्यांच्या आवडीचे मर्म या उतरवण्या-चढवण्यातच आहे.

या मंडळींच्या बोलण्यात दोन मालिकांची नावे हमखास येतात. पहिली ‘डब्ल्यू १२३’. जानेवारी १९७६ मध्ये ती बाजारात आली आणि १९८६ पर्यंत तिच्या सुमारे २७ लाख मोटारी तयार झाल्या. तिच्या डिझेल इंजिनात संगणक नाही. इंधन मोजून देणारा इंजेक्शन पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. इंजिन सुरू करण्यासाठी ग्लो प्लग आणि स्टार्टरला वीज लागते. एकदा ते सुरू झाले की पुढचे काम विजेविना चालते. दारांचे मध्यवर्ती कुलूपसुद्धा विजेवर नव्हे, तर निर्वात नळ्यांवर चालते. त्यामुळे बिघाड शोधायला कान, डोळे आणि पान्यांचा संच पुरतो. वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नये. ‘२०० डी’ला शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला जवळपास अर्धा मिनिट लागतो.

दुसरी मालिका ‘डब्ल्यू १२४’. १९८४ च्या अखेरीस आलेल्या या मोटारीचा आकार वाऱ्याला कमी अडवणारा, मागच्या चाकांची बैठक अधिक स्थिर आणि समोरच्या काचेवर एकच लांब वायपर. मराठी वाचकाला ती ओळखीची असते, कारण भारतात जुळणी झालेली पहिली मर्सिडीज हीच. टेल्कोच्या पिंपरीतील आवारात १९९५ साली तिचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा युरोपात तिची वारसदार बाजारात येत होती. शिळा माल भारताच्या माथी मारल्याची टीका तेव्हा झाली असली, तरी आज मागे वळून पाहता ग्राहकाचे फारसे नुकसान झाले, असे म्हणवत नाही.

कारण पुढच्या पिढ्यांनीच जुन्या गाडीची किंमत वाढवली. १९९५ ची ‘डब्ल्यू २१०’ पत्रा गंजण्यासाठी बदनाम झाली. २००२ च्या ‘डब्ल्यू २११’मध्ये ब्रेक इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर गेले आणि मे २००४ मध्ये त्याच यंत्रणेसाठी सुमारे ६ लाख ८० हजार मोटारी तपासणीस परत बोलवाव्या लागल्या. अशा मोटारीपुढे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचे हात टेकतात. निदानाचा संगणक, त्याची आज्ञावली आणि भागाला मान्यता देण्याचा अधिकार हे सारे कंपनीच्या दाराआड. मालकी कागदावर ग्राहकाची, चावी मात्र दुसऱ्याकडे!

तरीही जुन्याचा महिमा गाताना डोळे उघडे हवेत. ‘डब्ल्यू १२३’चा पत्रा पुढच्या मडगार्डला आणि जॅक लावण्याच्या जागी आतून सडतो, वरचा चकचकीत रंग ते लपवतो. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील ‘डब्ल्यू १२४’मध्ये इंजिनाच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने भुगा होऊन गळते. निर्वात नळी फुटली की कुलपे रुसतात. जुन्या डिझेलच्या धुराचे समर्थन करता येणार नाही. आजच्या लहान मोटारीतही मिळणाऱ्या एअरबॅग त्या काळात बऱ्याच गाड्यांत नव्हत्या. घरातील मुलांना रोज शाळेत सोडण्यासाठी ही मोटार घेणाऱ्याने त्याचा विचार आधी करावा.

कायदाही देशोदेशी वेगळा. जर्मनीत ३० वर्षे जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीला १९९७ पासून ‘एच’ अक्षराचा क्रमांक मिळतो. तिला सुमारे १९१ युरोंचा ठरावीक वार्षिक कर लागतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश असतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जासाठी वय ५० वर्षांहून अधिक हवे, आणि अशी मोटार नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही. मधल्या वयाच्या गाड्यांना सवलत नाही. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. आयात मोटारींसाठी ते कितीतरी अधिक आहे.

सुट्या भागांची अडचण मात्र वाटते तेवढी नाही. कंपनीचे फेलबाख येथील क्लासिक सेंटर १९९३ पासून जुन्या मोटारींची देखभाल करते आणि कंपनी त्यांचे भागही पुरवते. भाव ऐकून मात्र खिसा चाचपावा लागतो. म्हणूनच जाणकार स्वस्तातली गाडी टाळतात आणि महाग पण गंजमुक्त गाडी शोधतात. इंजिन पुन्हा बांधता येते. सडलेली चौकट सरळ करण्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो.