२६ जुलै: एकट्या पावसाला दोष देऊ नका
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणे निसर्गाचा कोप! आम्ही विचारतो, मिठी नदी आवळली कोणी? वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव, विमानतळाची धावपट्टी झोपडीवाल्यांनी बांधली काय?

पर्जन्यवाहिन्या तेव्हा तासाला २५ मिलिमीटर पावसापुरत्या होत्या, त्याही ओहोटी असेल तरच. १९९३ च्या अहवालाने क्षमता दुप्पट करायला सांगितले होते, काम रखडले. त्या दुपारी पाऊस आणि भरती एकाच वेळी आली.

साकीनाक्याला दरड झोपड्यांवरच कोसळली. डोंगराच्या पायथ्याशी हौसेने कोणी राहत नाही. गावाने कुसाबाहेर ठेवले, शहराने दरडीखाली. म्हणून धोका मोजताना पाऊस, भरती, भराव एकत्र मोजा आणि तिथे कोणाला राहावे लागते, तेही विचारा. जय भीम!