मुंबईत बाहेर कुठे जेवावे? खाणावळीपासून कोळीवाड्यापर्यंत

मुंबईत खाण्याच्या जागा गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे अडचण होते ती निवडीची. नावांच्या लांबलचक याद्या या कामी फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्या दर वर्षी बदलतात. त्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवली तर निवड सोपी होते. शहरातली बहुतेक जुनी खाद्यगृहे एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी सुरू झाली होती. कुणी गिरणी कामगारासाठी चूल मांडली, कुणी फोर्टातल्या कारकुनासाठी, तर कुणी दक्षिणेतून एकट्याने आलेल्या नोकरदारासाठी. ते गिऱ्हाईक कोण होते हे कळले, की तिथे काय मागवावे आणि किती वाजता जावे हेही कळते.

खाणावळ : गिरणगावची चूल

परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत कापड गिरण्या होत्या. कोकण आणि घाटावरून आलेले अनेक कामगार कुटुंब गावी ठेवून इथे राहत. एकेका खोलीत बरेच जण पाळ्यांप्रमाणे झोपत. स्वयंपाकाला जागा नसे आणि वेळही नसे. त्यांच्या जेवणाची सोय त्याच चाळींतल्या बायकांनी केली. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी मिळत, पण तांदूळ, डाळ, तेल आधीच भरावे लागे. त्यासाठी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घ्यावे लागत.

प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम केले. पुढे 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार पांगले आणि खाणावळींचे गिऱ्हाईकही गेले. आज जुन्या अर्थाची खाणावळ शोधावी लागते. तिची आठवण ‘राईस प्लेट’मध्ये उरली आहे. चपाती, भाजी, आमटी, भात, लोणचे असे माफक दरातले हे ताट शहरभर मिळते. ते दुपारी 12 ते 3 या वेळेत घ्यावे. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी फक्त नाश्त्याचे पदार्थ उरतात.

मालवणी आणि गोमंतकी : मासे खायचे तर

मुंबईकर मासे खायला बाहेर पडतो तेव्हा बहुधा अशाच एखाद्या हॉटेलात जातो. दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग, गोमांतक आणि मूळ मालवणचे चैतन्य, तर वांद्रे पूर्वेला गांधीनगरात हायवे गोमांतक ही ओळखीची नावे आहेत. गिरगावात खोताच्या वाडीतला अनंताश्रम एके काळी प्रसिद्ध होता. तो आता बंद झाला आहे.

मालवणी आणि गोमंतकी ही दोन्ही नावे सरसकट वापरली जात असली, तरी चवीत फरक आहे. मालवणी रश्श्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप आणि मालवणी मसाला असतो. गोमंतकी सारस्वत पद्धतीच्या हुमणात ओला नारळ, आमसूल किंवा चिंच आणि बांगड्यासारख्या माशाला तिरफळ येते. सोलकढी दोन्हीकडे असते. नारळाच्या दुधाची ताजी सोलकढी गुलाबीसर आणि थोडी दाट असते. जास्त वेळ राहिली तर ती फुटते, त्यामुळे तिच्यावरून स्वयंपाकघराचा अंदाज येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थेट पापलेट मागवण्याची घाई करू नये. पापलेट आणि सुरमई महाग असतात. बांगडा, बोंबील, मांदेली, तिसऱ्या या स्वस्त मासळीत इथल्या स्वयंपाकाची खरी कसोटी लागते. बोंबलात पाणी फार असते. तो चिरून वजनाखाली दाबून त्यातले पाणी काढतात आणि मगच तळतात. हे काम नीट झाले असेल तर तळलेला बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा लागतो.

वारही पाहावा. बऱ्याच मराठी घरांत सोमवारी आणि गुरुवारी मासे खात नाहीत, म्हणून बुधवार, शुक्रवार आणि रविवारी या हॉटेलांत रांग असते. रविवारी दुपारी जायचे तर 12 च्या सुमारास पोचावे.

फोर्टातली लंच होम

‘लंच होम’ या नावातच त्याचे गिऱ्हाईक आहे. फोर्टातल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना दुपारी घरासारखे जेवण मिळावे, म्हणून ही हॉटेले चालली. त्यांतली बरीच मंगळुरूकडच्या लोकांची आहेत. महेश लंच होम, अपूर्वा आणि काळा घोड्याजवळचे तृष्णा ही त्यांतली नावाजलेली. इथे गस्सी म्हणजे नारळ आणि मिरचीचा दाट रस्सा, सोबत नीर डोसा घ्यावा. बटर-गार्लिक खेकडा हा पदार्थ तृष्णाने गाजवला. यांतली काही ठिकाणे आता चांगलीच महाग आहेत. जिवंत खेकडा किंवा मोठा मासा वजनावर विकला जातो, तेव्हा मागवण्याआधी दर विचारावा.

माटुंग्यातले उडपी

माटुंग्यात दक्षिण भारतीय वस्ती वाढली, तशी त्यांची खाद्यगृहेही आली. स्टेशनालगतचे ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळते. राम आश्रय 1939 चे आणि किंग्ज सर्कलचे कॅफे मद्रास 1940 चे. ही दोन्ही मुख्यतः नाश्त्याची ठिकाणे. रविवारी सकाळी 9 नंतर बराच वेळ थांबावे लागते, म्हणून लवकर जावे. इडली-डोसा तर आहेच, पण रस्सम वडा, नीर डोसा आणि शेवटी फिल्टर कॉफी चुकवू नये.

इराणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर ही दुकाने काढली. चहाच्या एका कपावर कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला टेबल मिळे, हे त्या काळात साधे नव्हते. एके काळी शहरात ती काही शेकडा होती, आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. धोबीतलावचे कयानी 1904 चे. तिथे ब्रून किंवा बन मस्का, खिमा पाव आणि चहा घ्यावा. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 चे. त्याचा बेरी पुलाव इराणी झरिश्क घालून केलेला असतो. ब्रिटानिया पूर्वापार दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे, तेव्हा रात्रीचा बेत तिथे ठरवू नये.

दादर-गिरगावची उपाहारगृहे

मराठी शाकाहारी नाश्त्यासाठी दादर पश्चिम पुरेसे आहे. स्टेशनाजवळचे मामा काणे 1910 पासून चालू आहे. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घ्यावे. शिवसेना भवनाजवळचे आस्वाद 1986 मध्ये सुरू झाले. त्याच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. वडापावाचे श्रेय सहसा अशोक वैद्य यांना दिले जाते. 1966 च्या सुमारास त्यांनी दादर स्टेशनबाहेर तो विकायला सुरुवात केली. गाडीवरचा वडापाव खायचा असेल तर नावापेक्षा कढई पाहावी. वडे सतत तळले जात असतील तिथे थांबावे.

रात्री उशिरा

रात्रीच्या मटणासाठी मोहम्मद अली रोड आणि भेंडीबाजार. 1923 चे नूर मोहम्मदी नल्ली निहारीसाठी ओळखले जाते. रमझानमध्ये मिनारा मशिदीजवळ मालपुवा, फिरनी आणि कबाबांचे ठेले रात्रभर चालतात. कुटुंबासह जायचे तर रमझानच्या पहिल्या आठवड्यात जावे, कारण ईद जवळ आली की चालायलाही जागा राहत नाही.

कोळीवाडा : सर्वांत जुने, सर्वांत उशिरा

कोळी हे मुंबईचे मूळ रहिवासी. शहराला मासे तेच पुरवतात, पण हॉटेलांच्या यादीत त्यांचे नाव फार काळ दिसले नाही. कोळी जेवण हे घरचे जेवण होते. ते बाहेरच्यांना मिळे ते लग्नकार्यात किंवा वेसाव्यासारख्या कोळीवाड्यांच्या सी फूड महोत्सवात. 2023 मध्ये माहीमच्या कोळीवाड्यात महापालिकेच्या पुढाकाराने सी फूड प्लाझा सुरू झाला. तिथे महिला बचत गट स्वतः रांधून वाढू लागले. कोळी मसाल्यातले कालवण, भरलेली चिंबोरी, जवळा आणि तांदळाची भाकरी समुद्रासमोर बसून खाता येऊ लागली. ही सोय प्रामुख्याने शनिवार-रविवारच्या संध्याकाळची होती. अशा ठिकाणी दिलेला पैसा मासळी विकणाऱ्या आणि रांधणाऱ्या बाईच्या हातात थेट जातो. खाणावळवाल्या बायकांचे गिऱ्हाईक गिरण्यांबरोबर गेले, पण कोळीवाड्यातल्या अशा चुलीला शहरच गिऱ्हाईक पुरवू शकते.

जाण्यापूर्वी

* मासेमारी बंदी : 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. या काळात मिळणारी मोठी मासळी बहुधा शीतगृहातली असते. तेव्हा सुका बोंबील, सुकट, तिसऱ्या असे पदार्थ मागवावेत. नारळी पौर्णिमेनंतर ताज्या मासळीचा हंगाम रंगात येतो.
* लहान मासा : पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तळहातापेक्षाही लहान पापलेट ताटात येत असेल तर तो न मागवलेलाच बरा. तो अंडी घालण्याआधीच पकडला गेलेला असतो.
* बिल : साध्या रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के जीएसटी लागतो. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. ते परस्पर लावले असेल तर काढायला सांगता येते. तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.
* रोख पैसे : जुन्या खाद्यगृहांत आणि ठेल्यांवर थोडी रोख रक्कम जवळ असलेली बरी. दुपारनंतर आणि साप्ताहिक सुट्टीला बंद राहणारी ठिकाणेही बरीच आहेत, तेव्हा लांबून जायचे तर आधी फोन करावा.