मांजरातले जंत आणि मुलांचे डोळे

"आमचे मांजर घराबाहेर जातच नाही, त्याला कुठले जंत होणार?" असे काही पालक विचारतात. तर काही जण मांजराच्या विष्ठेत जंत दिसले की ते सोडून द्यायला निघतात. दोघांनीही या जंताचा इतिहास वाचावा.

मांजरांत नेहमी आढळणाऱ्या या गोल, पांढऱ्या जंताचे नाव टॉक्सोकारा कॅटी. त्याचे वर्णन श्रांक या निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये केले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे हा मुख्यतः प्राण्यांचाच आजार मानला गेला.

१९५० मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेने काढलेले मुलांचे ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातले कित्येक डोळे कर्करोगाच्या संशयावरून काढलेले होते. त्यापैकी २४ डोळ्यांत जंताच्या अळीच्या खुणा मिळाल्या. १९५२ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे पॉल बीव्हर व सहकाऱ्यांनी यकृत वाढलेल्या आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी खूप वाढलेल्या मुलांमध्ये अशाच अळ्यांचा माग काढला. वाइल्डर यांना त्या अळ्या हूकवर्मच्या वाटल्या होत्या. १९५६ मध्ये त्यातल्या काही टॉक्सोकाराच्या असल्याचे ओळखले गेले. त्या कुत्र्यातल्या जंताच्या होत्या. मांजरातला जंत हा त्याचाच भाऊबंद, आणि तोही माणसाला असा त्रास देऊ शकतो. माणसाच्या शरीरात या अळ्यांचा मोठा जंत होत नाही. त्या नुसत्या भटकतात आणि जातील तिथे सूज आणतात.

मग घरातल्या पिल्लात जंत येतात कुठून? याचे उत्तर १९७१ च्या संशोधनाने दिले: आईच्या दुधातून! मांजरीच्या शरीरात दडून बसलेल्या अळ्या दुधात उतरतात. म्हणूनच पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की जंताचे औषध सुरू करतात. दूध तुटेपर्यंत ते दर दोन आठवड्यांनी देतात आणि त्याच वेळी आईलाही देतात. मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी औषध द्यावे किंवा त्याची विष्ठा तपासून घ्यावी. औषध आणि मात्रा पशुवैद्यकालाच ठरवू द्या. घरातली माणसांची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका.

आता मांजर सोडून देण्याविषयी. ताज्या विष्ठेतील अंड्यांमुळे लगेच लागण होत नाही. अंड्यात लागण करणारी अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे मांजराला कुरवाळण्यापेक्षा त्याच्या जुन्या विष्ठेने दूषित झालेली माती पोटात जाणे जास्त धोक्याचे. यावर उपाय सोपे आहेत. विष्ठेचा ट्रे रोज साफ करा, मुले खेळतात ती वाळू झाकून ठेवा, मातीत खेळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा.

मुलाच्या एका डोळ्याने अंधुक दिसत असेल, डोळा तिरळा वाटत असेल किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर थांबू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि घरात मांजर किंवा कुत्रा असल्याचे आवर्जून सांगा.