मूल कोणाला म्हणायचं?

बालगुन्हेगारी वाढली की घटली, हे आपण निरीक्षणगृहाच्या, म्हणजे जुन्या रिमांड होमच्या, पटावरून ठरवू पाहतो. गफलत तिथंच होते. 1986 च्या बालन्याय कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच बालक होता, मुलगी अठरापर्यंत. 2000 च्या कायद्यानं दोघांनाही अठरा ही एकच मर्यादा दिली. तो एप्रिल 2001 पासून लागू झाला. म्हणजे आपल्या शहरातला सतरा वर्षांचा पोरगा 2000 साली पकडला गेला तर हर्सूल तुरुंगात कच्चा कैदी, 2002 साली पकडला गेला तर निरीक्षणगृहातलं बालक. वय तेच, गुन्हा तोच, नोंदवही बदलली. 2015 च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर, गुन्हा अतिगंभीर असेल तर, प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट पुन्हा मोकळी केली. म्हणून आकडा वाचण्याआधी आपण स्वतःलाच विचारू या: त्या वर्षी आपण मूल कोणाला म्हणत होतो?