कृती सांगणारी मराठी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते, त्यांना साजेसा विषय म्हणून मी संतकाव्य किंवा कादंबरी निवडीन, अशी आयोजकांची अपेक्षा असावी. माझा विषय त्या मानाने अगदी व्यवहारातला आहे. एखादी गोष्ट कशी करावी हे दुसऱ्याला लिहून सांगणे, आणि त्यातही संगणकावर सॉफ्टवेअर कसे बसवावे हे मराठीत सांगणे, याचा थोडा इतिहास मला मांडायचा आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांनी या लेखनाकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

आणि तरीही त्याची सुरुवात एका थोर ग्रंथात सापडते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. समर्थांनी (१६०८–१६८२) त्यात अध्यात्म बाजूला ठेवून अक्षर कसे काढावे, ओळ कशी सरळ ठेवावी, बरू, शाई, कागद कोणते जमवावेत हे सांगितले आहे. पण मला तो समास मोठा वाटतो तो सूचनेबरोबर दिलेल्या कारणामुळे. पानाच्या भोवती जागा सोडावी, कारण कागद कडेने झडला तरी अक्षर झडू नये. अक्षर फार बारीक काढू नये, कारण तरुणपणी जे सहज वाचता येते ते म्हातारपणी वाचता येत नाही. (सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्या वाचकाला या दुसऱ्या सूचनेचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.) कारण कळलेला माणूस कागदाचा आकार बदलला तरी अडत नाही, कारण न कळलेला अडतो. त्याच समासाच्या आरंभी ही सूचना कोणासाठी आहे हेही सांगितले आहे: ब्राह्मणासाठी. म्हणजे लिहिण्याची कृती सांगतानाच ती शिकणार कोण, याची सीमाही आखली गेली. सूचना लिहिणारा नेहमीच मनाशी कोणीतरी वाचक धरतो आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवतो, ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

या प्रकारच्या गद्याला खरे वळण लावले ते पाकशास्त्राच्या पुस्तकांनी. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची, आणि तिचा लौकिक वाटी-चमच्याच्या प्रमाणासाठी. तराजू नसलेल्या घरातही जे माप असते, तेच त्यांनी स्वीकारले. आधी साहित्य आणि मग कृती हा क्रम आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की तो मुद्दाम घडवावा लागला असेल, हे लक्षात येत नाही. व्याकरणाच्या अंगाने पाहा. ‘साखर घालावी’, ‘पीठ मळावे’ हा विध्यर्थ. त्यात कर्ता उच्चारला जात नाही, म्हणून तू की तुम्ही हा प्रश्नच उद्भवत नाही. सासूही वाचू शकते, सूनही. आणि जे वाचकाने करायचे नसून आपोआप व्हायचे असते, ते वेगळ्या क्रियापदाने सांगितलेले असते: तेल सुटू लागले की, उकळी आली की. हाताने काय करायचे आणि डोळ्यांनी कशाची वाट पाहायची, या दोन्ही गोष्टी भाषेनेच निराळ्या ठेवल्या.

संगणकाबरोबर आलेल्या अनुवादित सूचनांत नेमका हाच भेद बुजला. ‘फाइली स्थापित केल्या जातील’ हे वाक्य घ्या. स्थापित कोण करणार? मी, की यंत्र? इंग्रजी कर्मणी रचना शब्दशः मराठीत उतरवली की वाचक हात आवरून बसतो, आणि यंत्रही त्याची वाट पाहत बसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण विंडोज एक्सपीचे. ही प्रणाली २००१ साली आली. तिच्यावर देवनागरी नीट उमटवायची, तर ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे. त्या चौकोनापुढे जे इंग्रजी वाक्य होते, त्याचा अर्थ असा: गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा, थाईसह, यांच्या फाइली बसवा. मराठी उजवीकडून लिहिली जात नाही आणि तिचा थाईशी संबंध नाही. आपली लिपी ‘गुंतागुंतीची’ आहे, हेही आपल्याला कोणी कधी सांगितले नव्हते. मग त्या चौकोनावर खूण करण्याचे धाडस मराठी शिक्षकाने कशाच्या बळावर करावे? खूण केल्यावर दुसरी खिडकी उघडे आणि तिच्यात अरबी, हिब्रू वगैरेंच्या रांगेत ‘इंडिक’ हा शब्द एकदाचा दिसे. त्यानंतर यंत्र मूळ सीडी मागे. ती कपाटात असली तर ठीक. ओगलेबाईंनी ही कृती लिहिली असती, तर साहित्यातच ‘मूळ सीडी, रिकामी जागा दहा एमबी’ असे आले असते. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ही खटपट उरली नाही, पण मधल्या काळात किती शाळांनी ‘संगणकावर मराठी येत नाही’ असा निष्कर्ष काढून इंग्रजीतच भागवले असेल, याची नोंद कुठेही नाही.

शब्दांचा प्रश्न आपल्या भागात जुना आहे. सौंसर-पांढुर्णा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. त्याच नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंपासून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. पण कोश आणि सूचनापत्र यांचे धर्म भिन्न आहेत. पडद्यावर ‘इंस्टॉल’ दिसत असेल तर सूचनेतही ‘इंस्टॉल’च हवे, तेथे ‘प्रतिष्ठापित’ लिहिले की वाचक तो शब्द पडद्यावर शोधत राहतो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर नागपूर एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. त्यामुळे सावरगावच्या मुलाच्या पडद्यावर ‘सहेजें’ असू शकते, महाराष्ट्रातून आलेल्या पुस्तकात ‘जतन करा’, आणि शिकवणाऱ्याच्या तोंडी ‘सेव्ह’. कृती एकच.

आणि येथे दाराबाहेर राहिलेला वाचक पुन्हा येतो. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. तो अनेक भारतीय लिप्यांसाठी आहे. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात: ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसत असली तरी आधी क, मग वेलांटी. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना हे उलटे वाटते, म्हणून एवढे एक वाक्य प्रत्येक सूचनापत्रात पहिले असावे, असे माझे मत आहे. पण हिंदीसाठी लिहिलेल्या पत्रकात ळ शिकवण्याचे कारण नसते, कारण प्रमाण हिंदीला तो लागत नाही. ऱ्यचेही तेच. दोन्ही अक्षरे कळफलकावर आहेत. ती तेथे आहेत हे सांगणारे वाक्य तेवढे नाही. आपल्या मुलाला तर पहिलाच शब्द ‘शाळा’ लिहायचा असतो.

तेव्हा फळ्याशेजारी लावण्यासाठी मी आज एक कागद आणला आहे. त्यावर असे लिहिले आहे. ‘शाळा’ लिहिण्यासाठी: शिफ्ट दाबून एम, मग ई, शिफ्ट दाबून एन, मग ई. आचार्यांना जेवायला बोलावले, की आचाऱ्यांना, हे स्पष्ट व्हावे म्हणून: ‘र्य’साठी जे, डी आणि तिरप्या रेघेची कळ, ‘ऱ्य’साठी तेच, फक्त जे दाबताना शिफ्ट धरावी. अक्षर मुद्दाम थोडे मोठे काढले आहे.